जगातल्या समुद्रांबद्दलची कोणती गोष्ट ऐकून थक्क व्हायला होतं?

या प्रश्नावर बहुतेकांच्या ओठावर मारियाना गर्ता येते. जवळजवळ 11 किलोमीटर खोल. एव्हरेस्ट आत ठेवला तरी वर दोन किलोमीटर पाणी उरेल. माहिती खरी आहे, पण ती शाळेतच कळलेली असते. मला त्याहून मोठं नवल वाटतं ते समुद्राच्या आतल्या थरांचं. वरून एकसंध दिसणारं पाणी आत वेगवेगळ्या पाण्यांचे थर रचून बनलेलं असतं. थंड पाणी जड, खारट पाणीही जड. हे पाणी खाली बसतं, हलकं वर राहतं, आणि वरखालचे थर शेकडो, कधी हजारो वर्षं एकमेकांत नीट मिसळत नाहीत. उत्तर पॅसिफिकच्या तळाशी जे पाणी आहे त्याला हवेचा स्पर्श होऊन हजारेक वर्षं झाली. ज्ञानेश्वरी 1290 ची, म्हणजे त्याच्याही आधीपासून ते पाणी अंधारात आहे.

हे एकदा लक्षात आलं की पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतात.

पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा धबधबा पाण्याखाली आहे. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामध्ये डेन्मार्कची सामुद्रधुनी आहे. तिच्या तळाशी एक उंचवटा आहे. उत्तरेकडचं बर्फाळ, जड पाणी तो उंचवटा ओलांडतं आणि अटलांटिकच्या कोमट पाण्याखालून उतारावर घसरत जातं. ही घसरण सुमारे साडेतीन हजार मीटरची आहे. जमिनीवरचा सगळ्यात उंच एंजल धबधबा 979 मीटरचा. कडा सरळसोट नाही, उतार लांबलचक आहे हे मान्य, पण पाण्याचं प्रमाण बघा: सेकंदाला तीस लाख घनमीटरच्या आसपास. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात त्याच्या दुपटीहून हे जास्त आहे. आणि वरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा पत्ताही लागत नाही.

आवाजाचंही असंच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर वेगाने जातो, पण प्रत्येक थरात वेग थोडा वेगळा असतो. वरचं पाणी कोमट म्हणून वेग जास्त, फार खोल दाब प्रचंड म्हणून पुन्हा वेग जास्त, आणि मधे, समशीतोष्ण भागात साधारण हजार मीटर खोलीवर, तो सगळ्यात कमी. आवाज नेहमी कमी वेगाच्या थराकडे वळतो. त्यामुळे त्या पट्ट्यात सापडलेला आवाज वर पृष्ठभागाला लागत नाही, खाली तळाला लागत नाही, आणि म्हणून लवकर विरतही नाही. मार्च 1960 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळच्या समुद्रात काही स्फोट घडवले गेले. सुमारे पावणेचार तासांनी ते बर्म्युडाजवळच्या पाणध्वनिग्राहकांनी, म्हणजे पाण्याखालच्या मायक्रोफोनांनी टिपले. बर्म्युडा अटलांटिकमध्ये आहे, पर्थपासून जवळपास 20,000 किलोमीटरवर, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या बाजूला!

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधताना अमेरिकी नौदलाच्या सोनारवर, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली ओळखणाऱ्या यंत्रावर, भलताच तळ दिसू लागला. जिथे समुद्र हजारो मीटर खोल असल्याचं ठाऊक होतं तिथे तीन-चारशे मीटरवरूनच प्रतिध्वनी परत येत होता. त्यात हा ‘तळ’ संध्याकाळी वर यायचा आणि पहाटे खाली जायचा. 1945 मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्टिन जॉन्सन यांनी दाखवून दिलं की हा तळ जिवंत आहे. लहान मासे, कोळंबीसारखे जीव, माखुल यांचा हा अफाट थर. दिवसा शिकाऱ्यांच्या नजरेपासून लपायला हे जीव खोल अंधारात जातात, रात्री खायला वर येतात. जगभरच्या समुद्रांत हे रोज घडतं, आणि प्राण्यांचं एवढं मोठं स्थलांतर जमिनीवर कुठेही होत नाही.

आता ज्यासाठी मी मुळात लिहायला बसलो ते सांगतो. तो समुद्र दूरचा नाही, आपला अरबी समुद्र आहे.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटर खोलीपासून ते हजार-बाराशे मीटरपर्यंत एक प्रचंड थर असा आहे की त्यात प्राणवायू जवळपास नाही. वरच्या पाण्यात भरपूर आहे, अगदी खोल पाण्यातही आहे, मधे मात्र वानवा. कारणं दोन. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांवरून वाहताना पृष्ठभागाचं पाणी बाजूला सारतात, खालचं पोषक पाणी वर येतं आणि सूक्ष्म वनस्पतींचं रान माजतं. ते मरून खाली जायला लागलं की जिवाणू त्याचा फडशा पाडतात आणि त्यात प्राणवायू संपतो. दुसरं कारण नकाशात दिसतं. अटलांटिक आणि पॅसिफिक उत्तरेला ध्रुवाकडे पसरतात, पण या समुद्राच्या उत्तरेला आशिया खंड आडवा आहे. तिकडून थंड, ताजं पाणी आत शिरायला वाटच नाही. दक्षिणेकडून जे येतं ते वाटेतच बराच प्राणवायू खर्च करून आलेलं असतं.

मग तिथले जिवाणू जगतात कशावर? प्राणवायू मिळेना म्हणून ते पाण्यातलं नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू सोडतात. खुल्या महासागरात हे मोठ्या प्रमाणावर चालतं अशा जगातल्या तीन मुख्य जागांपैकी एक आपल्या दारात आहे, उरलेल्या दोन पूर्व पॅसिफिकमध्ये. ओमानच्या आखातात चाच्यांच्या भीतीने बराच काळ मोजमाप झालं नव्हतं. पुढे पाण्याखाली फिरणारे यंत्रमानव सोडून ते केलं गेलं, आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथली परिस्थिती अंदाजापेक्षा वाईट निघाली. मला याची खरोखर काळजी वाटते, कारण पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो.

तरीही त्या गुदमरलेल्या थरात मासे आहेत. लँटर्नफिश म्हणतात त्यांना. बोटाएवढे, अंगावर उजेडाचे ठिपके असलेले. मोठे शिकारी मासे तिथे तग धरत नाहीत, म्हणून हे दिवसभर त्याच थरात दडून राहतात आणि अंधार पडला की वर येऊन खातात.

हा थर आपल्या किनाऱ्यालाही येऊन भिडतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि त्या काळात कमी प्राणवायूचं पाणी उथळ भूखंडमंचावर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या कमी खोल समुद्रतळावर चढतं. वर सह्याद्रीच्या पावसाचं गोडं पाणी तरंगत असतं, त्याच्या झाकणामुळे हवा खाली पोचत नाही. गोव्याच्या दोना पावला इथली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जी 1966 मध्ये स्थापन झाली, कांदोळीसमोर वर्षानुवर्षं हे मोजत आली आहे. सप्टेंबरच्या सुमारास तळाजवळचा प्राणवायू पार संपतो, कधी कधी सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या लोटल्या जातात तेव्हा किनाऱ्याजवळ, खाली हेच चाललेलं असतं. हेच वर चढणारं पाणी सोबत खतही आणतं, ज्यावर आपली बांगडा-तारली पोसली जाते. पुढे नोव्हेंबरच्या आसपास वारे फिरतात, किनाऱ्याचा प्रवाह उलटून उत्तरेकडे वाहू लागतो, आणि तळाला पुन्हा प्राणवायू मिळतो.