आधी आपलं, मग घरचं

अगं,

तुझा एवढा मोठा मेसेज दोनदा वाचला. पहिल्या अल्बमला आजोबांची आठ गाणी नव्या अरेंजमेंटमध्ये, आणि तुझी स्वतःची 'पुढच्या अल्बमला बघू'. वर मला विचारतेस की मावशी, सुरुवात अशीच करतात का. नाही करत. आधी आपलं, मग घरचं. आवाज छान आहे वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते तुला माहितीये.

दिवसभर ते ब्राझीलचं बोसा नोव्हा ऐकतेस ना, मग गायिका बेबेल जिल्बेर्तोचंच बघ. बाप कोण, तर जुआंव जिल्बेर्तो, ज्याच्या १९५८ च्या रेकॉर्डपासून बोसा नोव्हाची सुरुवात धरतात. आई मिउशा, गायिका. सख्खा मामा शिको बुआर्की, तोही मोठा गायक-गीतकार. नऊ-दहा वर्षांची असताना ही आईबरोबर न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायलेली. आता अशा मुलीकडे लोक पहिल्या दिवशी काय मागणार? बाबांचं म्हण, दुसरं काय. तिने १९८६ ला पहिली छोटी रेकॉर्ड काढली त्यात काझुझा या रॉक गायकाबरोबर मिळून केलेलं गाणं होतं, नंतर न्यूयॉर्कला गेली, आणि पहिला पूर्ण अल्बम 'तान्तो तेम्पो' आला तो थेट २००० मध्ये, तिशी उलटून गेल्यावर. गिटार तीच, हळू गाणं तेच, पण खाली सुबा नावाच्या प्रोड्यूसरचे इलेक्ट्रॉनिक बीट्स (तो बिचारा अल्बम यायच्या आधीच साओ पाउलोत आगीत गेला), आणि ऐकणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं की ही बाई वेगळी आहे. मधे २००९ ला बाबांचं 'बिम बॉम' घेतलं एक. पण अख्खा अल्बम बाबांच्या गाण्यांचा, 'जुआंव' नावाचा, आला २०२३ मध्ये. बाबा जाऊन चार वर्षं झालेली आणि ती स्वतः सत्तावन्नची. १९७३ च्या अल्बममध्ये बाबांनी छोट्या बेबेलच्या नावाचा एक वॉल्ट्झ (तीन ठोक्यांच्या तालातलं गाणं) केला होता, तो तिने या अल्बमवर घेतला. स्वतःच्या नावाचं गाणं, तरी मधे पन्नास वर्षं गेली. आणि तुला चोविसाव्या वर्षी आठ गाण्यांची घाई!

अजून एक गोष्ट तुझ्या त्या रेकॉर्ड-कंपनीवाल्याला सांग. जुआंवची म्हणून आपण जी गाणी ओळखतो ती बहुतेक त्याची नाहीतच. 'दिसाफिनादू' जोबिम आणि मेंदोन्सा या जोडीचं, 'एउ विं दा बाया' जिल्बेर्तो जिल या दुसऱ्याच गायकाचं. त्याचं काय होतं, तर अंगठ्याने खालचा बास सरळ चालू ठेवायचा, सांबातल्या मोठ्या ढोलासारखा, बाकीच्या बोटांनी कॉर्ड ऑफबीटवर, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे, आणि आवाज बोलण्याइतकाच, कंप नाही, ओळ कधी तालाच्या जरा आधी सोडायची कधी मागे ठेवायची. दिआमांतिना नावाच्या गावी बहिणीच्या घरी बाथरूममध्ये बसून घोटलेलं आहे ते. मुलगी म्हणून आपोआप हातात येत नाही, आणि नवीन अरेंजमेंट केली म्हणून तर नाहीच नाही. तुझ्या आजोबांच्या जागाही त्यांनी अशाच कुठेतरी एकटं बसून काढल्या असणार. तू कुठे बसलीयेस अजून?

चिडले थोडी, पण मला हे आतून माहितीये गं. माझ्याही बाबांची भावगीतं मी परकर-पोलक्यात असल्यापासून म्हणत आले, लोक कौतुकाने रडायचे, आणि मी माझी चाल लावली की तेच लोक चहाला उठायचे. माझ्या चाली वहीतच राहिल्या, आता त्या वरच्या पट्टीत गळा जात नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, रोज वाटतं. म्हणून बाबांच्या स्मृती-कार्यक्रमाला मी सरळ नाही म्हटलं. नातेवाइकांनी शिष्ट म्हटलं, एक काकू तर अजून बोलत नाहीत. आजही विचारलं तर नाहीच म्हणेन. बाबांवर माझं प्रेम त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा जास्त होतं, पण मला त्यांच्या गाण्यात माझं काही घालता आलं असतं तर गायले असते, नुसतं त्यांच्यासारखं ऐकवायला का जाऊ?

तेव्हा 'आई दुखावेल' हे माझ्यापुढे करू नकोस. तुझी आई मला तुझ्याआधीपासून माहितीये, ती दुखावेल, चार दिवस स्वयंपाकघरात भांडी आपटेल, मग येऊन ऐकेल. आजोबांची गाणी कुठे पळून जात नाहीयेत. त्यांच्यावर हक्क तुझा आहेच, पन्नाशीत घे ना, तेव्हा त्यांना द्यायला तुझ्याकडे काहीतरी असेल. आधी आपलं.

आत्ता एवढंच कर, हेडफोन लावून जुआंवचं 'दिसाफिनादू' ऐक आणि लगेच बेबेलचं, तेच गाणं २०२३ च्या अल्बमवरही आहे. ती कुठे त्याचं ऐकते आणि कुठे ऐकत नाही ते लिहून काढ, मोबाईलवर नको, कागदावर. मग फोन कर. रात्री नऊनंतर, आधी माझे क्लास असतात. आणि तोपर्यंत कशावरही सही करू नकोस.

तुझी,
मावशी