गोठा: राबणं किती, मिळकत किती?

प्रश्न: दोन संकरित गायी आहेत. मी आणि बायको, दोघांचे मिळून रोज ७ तास गोठ्यात जातात. एक गाय १५ लिटरवर आहे. दुसरीला व्यायला १३ महिने झाले, अजून गाभण नाही, दूध ७ लिटर. दर लिटरला ३२ रुपये. चारा, पेंड, औषधं यांचा रोजचा खर्च ४३० रुपये. आई म्हणते, कष्ट केले की मिळतंच. मग आम्हालाच का मिळत नाही? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर: २२ लिटरचे ७०४ रुपये होतात. ४३० वजा जाता २७४ उरले. ७ तासांनी भागा: तासाला ३९ रुपये, तेही गायीची किंमत न धरता. दर दहा दिवसांनी डेअरीचा पगार होतो, उसाच्या बिलापर्यंत घर चालतं आणि शेणखत मिळतं. लोक गायी धरून राहतात ते यासाठी, आणि त्यात चूक काही नाही.

तुमचे पैसे अडकलेत दुसऱ्या गायीत. ती आज भरवली आणि गाभ राहिला, तरी गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. म्हणजे दोन वेतांत (दोनदा विण्यांत) २२ महिन्यांचं अंतर. व्यायल्यापासून ८५ दिवसांच्या सुमारास गाभ राहिला असता तर वर्षाला एक वेत मिळालं असतं. दूध आटलं तरी शरीर राखायला दीड-दोन किलो पेंड आणि वैरण लागतेच. चुकलेला प्रत्येक माज (गाय भरवण्याजोगी असते तो थोडा काळ) म्हणजे असे आणखी २१ दिवस.

माज बहुतेकदा चुकतो तो न दिसल्यामुळे. धारा काढताना, शेण उचलताना आपलं लक्ष कामात असतं. म्हणून पहाटे आणि रात्री काहीही काम न करता २० मिनिटं नुसतं बघा. पारदर्शक, तार धरणारा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), सारखं हंबरणं, दूध अचानक कमी होणं ही लक्षणं. दुसरी गाय अंगावर चढली आणि ही शांत उभी राहिली, तर पक्का माज. पण दावणीला बांधलेल्या जनावरांत हे दिसणार कसं? दोन्ही वेळेला थोडा वेळ मोकळं सोडा. माज सकाळी दिसला तर रेतन संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहा, २१ दिवसांनी पुन्हा बघा, आणि माज नाही दिसला तरी ६० ते ९० दिवसांत गाभण तपासणी करून घ्या. तुमच्या गायीला आता पशुवैद्यकांकडून गर्भाशयाची तपासणी आधी हवी. १३ महिने उलटल्यावर नुसती वाट बघणं परवडणारं नाही.

वेळ वाचवायचा तर मुक्तसंचार गोठा करा, म्हणजे गायी न बांधता मोकळ्या ठेवा. गायीमागे छताखाली ४० आणि मोकळी ८० चौरस फूट जागा पुरते. कायम भरलेला हौद ठेवला की पाणी पाजायचा फेरा संपतो, शेणही रोज उचलावं लागत नाही.

प्रश्न: दुधाला फॅट लागेना म्हणून पेंड वाढवली, तरी फॅट उतरलीच.

उत्तर: उतरणारच. फॅट तंतुमय वैरणीतून येते. पेंड पूर्वीइतकी करा, कडबा वाढवा. कुट्टी (वैरणीचे तुकडे) इंचभर ठेवा. पिठासारखी बारीक केली तर रवंथ कमी होतो आणि फॅट आणखी घसरते.