वाचकांचे प्रश्न : आयर्लंडची वाद्ये घरी घडवताना

आयर्लंडच्या पारंपरिक संगीतातील वाद्ये छंद म्हणून स्वतःच्या हातांनी बनवता येतील का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : मी कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालो आहे. घरी व्हाइस, हातकरवत, कानशी आणि एक लहान ड्रिल मशीन आहे. आयरिश संगीत आवडीने ऐकतो, वाजवत मात्र काहीच नाही. कोणत्या वाद्यापासून सुरुवात करावी?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : टिन व्हिसलपासून, म्हणजे सहा भोकांच्या छोट्या उभ्या बासरीपासून करा. मात्र पहिली व्हिसल बनवायला घेण्यापूर्वी डी सुराची, म्हणजे आपल्या पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी दोनची, एक साधी तयार व्हिसल विकत घ्या आणि काही महिने तिच्यावर हात बसवा, असा माझा आग्रह राहील. ज्याला वाद्य थोडेही वाजवता येत नाही, त्याला दोष नळीत आहे की स्वतःच्या फुंकीत, हे ओळखता येत नाही आणि मग चांगली जमलेली नळीही तो उगाच कानशीने बिघडवतो.

हे वाद्य मुळातच स्वस्त आणि साध्या साहित्याचे आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यातील कोनी वेस्टन या खेड्यात रॉबर्ट क्लार्क यांनी 1843 मध्ये कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याची निमुळती नळी वळवून आणि तिच्या तोंडाशी लाकडी खुंटी बसवून व्हिसली बनवायला सुरुवात केली. पुढे हे वाद्य आयर्लंडमध्ये घरोघरी पोहोचले. आपल्याकडे जत्रेत मिळणाऱ्या अलगुजाची रचनाही तत्त्वतः हीच असते : तोंडाशी खुंटी, खुंटीवरून जाणारी हवेची अरुंद वाट, पुढे एक खिडकी आणि त्या खिडकीची धारदार कड.

पत्रा वळवण्याच्या भानगडीत पहिल्यांदा पडू नका. गरम पाण्याच्या जोडणीसाठी मिळणाऱ्या अर्धा इंची सीपीव्हीसी पाइपचा आतील व्यास साधारण साडेबारा ते तेरा मिलिमीटर असतो आणि डी व्हिसलसाठी तो अगदी योग्य आहे. सुमारे 32 सेंटिमीटरचा सरळ तुकडा घ्या. वरच्या टोकापासून तीन सेंटिमीटरवर खिडकी कापा. तिची लांबी चार ते पाच मिलिमीटर आणि रुंदी सात ते आठ मिलिमीटर ठेवा आणि तळाकडची कड बाहेरून उतरती घासून तिला धार आणा. खुंटीसाठी सागवानाची गोल काठी चालते. तिची वरची बाजू सपाट घासून साधारण एक मिलिमीटर उंचीची हवेची वाट तयार करा. या वाटेतून निघणारा हवेचा पातळ पट्टा बरोबर धारेवर यायला हवा. सगळ्या वाद्याचा जीव या एका सेंटिमीटरच्या जागेत आहे, म्हणून भोकांची घाई न करता आधी बिनभोकाच्या नळीतून स्वच्छ, स्थिर स्वर मिळवण्यात हवा तेवढा वेळ घालवा.

मग नळी तळातून थोडी थोडी कापत सुरात आणा. सर्व भोके बंद असतानाचा स्वर 587 हर्ट्झचा हवा. गणिताने पाहिले तर या स्वराची अर्धी तरंगलांबी 29 सेंटिमीटरच्या जवळपास येते, पण खिडकीशी आणि उघड्या टोकाशी हवेचा कंप नळीच्या थोडा बाहेरपर्यंत पोहोचत असल्याने खिडकीपासून तळापर्यंतची प्रत्यक्ष लांबी 27 सेंटिमीटरच्या आसपासच भरते. भोके तळाकडून वर पाडत जा आणि प्रत्येक भोक आधी चार मिलिमीटरच्या ड्रिलने पाडून नंतर गोल कानशीने मोठे करा. भोक मोठे केले की स्वर चढतो आणि ते तोंडाच्या दिशेने सरकवले तरी चढतो. म्हणून स्वर थोडा उतरलेला असेल तर भोकाची फक्त वरची कड घासावी. वरची भोके पाडली की खालचे स्वर किंचित उतरतात, कारण बंद भोकांच्या पोकळीमुळे नळीतील हवा थोडी वाढते. त्यामुळे खालच्या भोकांवर शेवटचा हात सहाही भोके झाल्यावरच फिरवावा. एखादे भोक जास्त मोठे झाले तर त्याच्या आतल्या कडेला नखपॉलिशचे एक-दोन थर द्या, स्वर पुन्हा खाली येतो. पाइप घासताना तोंडाला मुखपट्टी बांधा आणि भोके पाडण्यासाठी तापवलेली सळई मुळीच वापरू नका, कारण या प्लास्टिकचा धूर विषारी असतो.

प्रश्न : मी अशीच एक व्हिसल बनवली आहे. तिच्यात तीन अडचणी आहेत. सर्वांत खालचा स्वर टिकत नाही, जरा फुंक वाढली की वरच्या सप्तकात उडी मारतो. सकाळी सुरात असलेली व्हिसल दुपारी चढलेली वाटते. आणि थोडा वेळ वाजवल्यावर आवाज घोगरा होऊन बंदच पडतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खालचा स्वर उडी मारत असेल तर प्रथम बोटांखालून हवा गळत नाही ना, ते पाहावे. सहाही भोकांवर चिकटपट्टी लावून फुंकले की शंका फिटते. तरीही स्वर फुटत असेल तर खिडकी आखूड आहे असे समजा. धार हवेच्या वाटेच्या जितकी जवळ, तितके वाद्य वरच्या सप्तकाकडे ओढले जाते. ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी मागे न्या आणि पुन्हा वाजवून पाहा. फार मागे नेली तर खालचे स्वर भरदार होतील, पण वरचे सप्तक काढताना छाती फुटेल. चांगला कारागीर या दोहोंमधली जागा कानाने शोधतो.

तापमानाचे म्हणाल तर ते वाद्याचे दुखणे नव्हे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो. दहा अंशांनी तापमान वाढले तर स्वर एका अर्धस्वराच्या जवळजवळ तीन दशांशाने चढतो, आणि सरावलेल्या कानाला तो फरक लगेच जाणवतो. म्हणून सूर लावताना नळी आधी हातात धरून व थोडी वाजवून गरम करावी, आणि एका बैठकीत सर्व भोके एकाच तापमानाला तपासावीत. व्हिसलचे डोके वेगळे ठेवून नळीवर घट्ट सरकेल असे बनवले तर स्वर मागेपुढे करण्याची सोय कायमची होते.

आवाज बंद पडण्याचे कारण श्वासातील बाष्प आहे. ते थंड नळीत थेंबांच्या रूपाने साचते आणि हवेची अरुंद वाट अडवते. भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब थोड्या पाण्यात मिसळून त्या वाटेतून जाऊ द्यावा आणि न पुसता वाळू द्यावा. मग बाष्प थेंब न धरता पातळ थराने पसरून वाहून जाते. वाटेच्या तोंडाशी राहिलेली प्लास्टिकची बारीक कूसही काढून टाका. आवाजातील खरखर बहुधा तिचीच असते.

प्रश्न : आमच्याकडे बांबू मुबलक आहे आणि मी हौसेने बासऱ्या बनवतो. आयरिश बासरी बांबूची करता येईल का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुम्ही ती बहुधा आधीच केलेली आहे. आपण ज्या बासरीला पांढरी पाचची म्हणतो, तिची सहा भोके बंद केली की मंद्र पंचम, म्हणजे पांढरी दोन, मिळतो आणि एकेक बोट उचलत गेल्यावर डी सुराच्या आयरिश बासरीचेच स्वर क्रमाने येतात. फरक एवढाच, की आपण तीन भोके बंद असतानाच्या स्वराला षड्ज मानतो आणि तिकडे बऱ्याच धुनांत सर्व भोके बंद असतानाच्या स्वराला आधारस्वर मानतात. तसे मानले की सारे स्वर शुद्ध येतात. पांढरी पाचमधल्या धुनांना लागणारा शुद्ध मध्यम अर्धे भोक झाकून काढता येतो.

लाकडी आयरिश बासरी हा मात्र वेगळा उद्योग आहे. आज त्या संगीतात वाजणाऱ्या बासऱ्यांचे मूळ एकोणिसाव्या शतकातील इंग्लिश बासऱ्यांत आहे, विशेषतः लंडनच्या रुडॉल अँड रोझ यांच्या घडणीत. थिओबाल्ड बोम यांनी 1847 मध्ये दंडगोल पोकळीची, चाव्यांची नवी बासरी आणल्यावर वाद्यवृंदांतून जुन्या बासऱ्या हळूहळू बाहेर पडल्या आणि लोकसंगीताच्या वादकांच्या हाती स्वस्तात आल्या. त्यांची पोकळी तळाकडे निमुळती होत जाते आणि वरचे सप्तक सुरात राहण्यास त्याची मोठी मदत होते. बांबूची पोकळी तशी नसते, त्यामुळे वरचे स्वर किंचित उतरतात. फुंकण्याच्या भोकापासून बुचापर्यंतचे अंतर साधारण पोकळीच्या व्यासाइतके ठेवून तेथून अगदी थोडे मागेपुढे करत गेल्यास हा दोष बराच आटोक्यात येतो. आयरिश वादनात बोटांचे झटके फार जलद असतात, म्हणून भोके आपल्या बासरीपेक्षा थोडी लहान ठेवावीत, असे मी सुचवीन.

प्रश्न : बौरॉन हे आयरिश चर्मवाद्य मला करायचे आहे. आमच्या भागात हलगी बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडचे कातडे चालेल का? आणि पावसाळ्यात ते सैल पडणार नाही का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालेल, आणि त्या कारागिरांच्या हाताखाली काही दिवस बसता आले तर कोणत्याही लिखित माहितीपेक्षा ते अधिक शिकवतील. बौरॉनलाही बकरीचेच कातडे लागते, पण हलगीपेक्षा थोडे जाड निवडावे, कारण या वाद्याचा आवाज खर्जाचा आणि गोलाईचा हवा, हलगीसारखा कडक नको. आयर्लंडच्या खेड्यांत धान्य पाखडण्यासाठी लाकडी कड्यावर कातडे ताणून केलेले सुपासारखे साधन वापरले जाई आणि या वाद्याचे नाते अभ्यासक त्याच्याशी जोडतात. 26 डिसेंबरला, रेन या चिमुकल्या पक्ष्याच्या नावाने पाळल्या जाणाऱ्या दिवशी, गावातून फिरणारी मंडळी ते वाजवत असत. 1960 च्या दशकात संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी आपल्या वाद्यमेळात त्याला स्थान दिल्यावर ते मैफलीत आले.

कड्याचा व्यास 14 ते 18 इंच आणि खोली चार ते सहा इंच ठेवा. एकच जाड फळी वाकवण्यापेक्षा पातळ प्लायवुडच्या पट्ट्या गोल साच्याभोवती एकावर एक डिंकाने चिकटवत जाणे घरच्या कारागिराला सोपे पडते; थरांचे सांधे मात्र एकाच जागी येऊ देऊ नयेत. कातडे रात्रभर पाण्यात भिजवावे, ओले असतानाच समोरासमोरच्या जोड्यांनी ताणत खिळवावे आणि सावलीत सावकाश वाळू द्यावे. ओले असताना फार ताणण्याचा मोह आवरा, कारण वाळताना कातडे स्वतःच आवळते आणि जास्त ताण बसला तर कडेच वेडेवाकडे होते. वाजवताना एक हात आतून कातड्याला टेकवून स्वर खालीवर करायचा असतो, तेव्हा आतली कड चांगली घासून गुळगुळीत करा.

पावसाळ्यात कातडे सैल पडणारच. हलगीवाले ती शेकोटीवर तापवतात, पण चिकटवलेल्या कड्याला ती आच सोसत नाही. यावरचा आजचा उपाय म्हणजे कातड्याखाली आतून एक दुसरे कडे बसवून ते पाच-सहा स्क्रूंनी वर ढकलण्याची सोय करणे. तुमची हवा लक्षात घेता पहिल्याच वाद्यात ही सोय ठेवा, नंतर ती बसवणे फार जिकिरीचे होते.

प्रश्न : हार्प घरी करता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : येईल, पण सुतारकामाचा चांगला अनुभव असल्यावरच. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपलेली मध्ययुगीन हार्प पाहून ती साधी वाटते, परंतु सर्व तारांचा एकत्रित ताण शेकडो किलो भरू शकतो आणि कच्चा सांधा अचानक सुटला तर इजा होते. तुम्हाला तंतुवाद्यच करायचे असेल तर आयर्लंडच्या डोनेगल परगण्यातील पत्र्याच्या फिडलकडे, म्हणजे व्हायोलिनकडे पाहा. तेथील पत्राकाम करणारे फिरते कारागीर लाकडाऐवजी पत्र्याची फिडल बनवत, आणि विख्यात वादक जॉन डोहर्टी अशाच एका घराण्यातले होते. कमी साधनांत चांगले काम कसे होते, याचा इतका सुंदर नमुना मला दुसरा माहीत नाही.

प्रश्न : नोकरीनिमित्त मी डब्लिनमध्ये राहते. इलन पाइप्स ऐकल्यापासून तेच वाद्य बनवण्याचा ध्यास लागला आहे. लाकूडकामाचा अनुभव थोडाच आहे. हे शक्य आहे का?
— एक वाचक, डब्लिन

उत्तर : संपूर्ण वाद्य बनवणे आज नव्हे. पूर्ण संचात काखेत दाबायची पिशवी, दुसऱ्या कोपराने चालवायचा भाता, स्वर वाजवायची चँटर नावाची नळी, आधारस्वराच्या तीन नळ्या आणि मनगटाने साथीचे स्वर देणाऱ्या चाव्यांच्या आणखी तीन नळ्या असतात. चँटरची पोकळी वर जेमतेम पाच मिलिमीटर असते आणि खाली ती सतत रुंदावत जाते. त्यासाठी खास निमुळती पाती आधी स्वतः घडवावी लागतात. डब्लिनचेच लिओ राउसम हे मोठे वादक, शिक्षक आणि कारागीर होते, आणि ही विद्या त्यांच्या घराण्यात पिढ्यांपासून होती.

तरीही तुम्ही योग्य गावात आहात. 1968 मध्ये स्थापन झालेली ना पीबरी इलन ही वादकांची संस्था डब्लिनच्या हेन्रिएटा स्ट्रीटवर आहे आणि 2017 मध्ये युनेस्कोने या वादनपरंपरेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे. तेथे आधी वादन शिका आणि जोडीला रीड बनवणे शिका. चँटरची रीड सनईच्या पत्तीसारखी दुहेरी असते. ती अरुंडो डोनॅक्स नावाच्या वेतासारख्या गवताची करतात, पण तिला ओठ लागत नाहीत आणि भात्यातून कोरडी हवा येत असल्याने खोलीतली आर्द्रता बदलली की तिचा स्वभावही बदलतो. एक धारदार सुरी, एक छोटी कानस, पॉलिशपेपर आणि दोरा एवढ्या साहित्यावर हे काम स्वयंपाकघराच्या टेबलावर होते. पहिल्या कित्येक रीड फुकट जातील आणि तेवढे साहित्य हिशेबात धरूनच आणावे. रीडची पाती समोरच्या उजेडात धरून पाहिली की कडेकडे पातळ आणि मध्ये जाड असा उतार सावलीतून दिसतो. तो दोन्ही पात्यांवर सारखा आला की मगच ती चँटरला लावून पाहा.