हनू म्हणजे जबडा की हनुवटी?

प्रश्न : आयुर्वेदावरील एका मराठी पुस्तकात ‘हनुग्रह’ या विकाराचा अर्थ ‘हनुवटी आखडणे’ असा दिला आहे. हनुवटी आखडते म्हणजे नेमके काय होते? शिवाय मूळ शब्द ‘हनु’ असा लिहावा की ‘हनू’?
– एक वाचक

उत्तर : आपली शंका रास्त आहे. आखडतो तो जबडा, हनुवटी नव्हे. संस्कृतात ‘हनु’ म्हणजे मुख्यतः जबडा, क्वचित गालही. मराठीत मात्र त्यापासून घडलेला ‘हनुवटी’ हाच शब्द तोंडी रुळला, त्याचा अर्थ खालच्या जबड्याच्या पुढच्या टोकापुरता उरला आणि जबड्यासाठी ‘जबडा’ हा स्वतंत्र शब्द असल्याने मूळ अर्थाची आठवण कोणाला राहिली नाही. (इंग्रजीतला ‘चिन’ हा शब्द ‘हनु’चाच दूरचा सोयरा आहे आणि तोही असाच हनुवटीवर येऊन थांबला आहे.)

वैद्यकग्रंथांत मात्र जुना अर्थ टिकून आहे. हनुग्रहाच्या वर्णनात तोंड उघडेच राहते किंवा मिटलेलेच राहते, असे म्हटले आहे. हे हनुवटीने कसे व्हावे? यांतल्या दुसऱ्या अवस्थेलाच आपण ‘दातखीळ बसली’ असे म्हणतो. सुश्रुतसंहितेतील ‘हनुमोक्ष’ म्हणजेही जबड्याचा सांधा निखळणे. शारीरशास्त्रात वरच्या जबड्याला ‘ऊर्ध्वहनू’ आणि खालच्याला ‘अधोहनू’ म्हणतात; त्यांतला हलतो तो खालचाच, आणि कानाच्या पुढ्यात बोट ठेवून घास चावला, तर त्याचा सांधा हाताला लागतो.

हनुमंताचे नावही याच अर्थाने वाचावे. सूर्याकडे झेपावलेल्या बाल मारुतीवर इंद्राने वज्र फेकले आणि त्याची डावी हनू भंगली, म्हणून हे नाव पडले, अशी कथा वाल्मीकिरामायणाच्या किष्किंधाकांडात आहे. पुष्कळ मराठी कथांत या ठिकाणी ‘हनुवटी’ येते. पण ‘डावी हनुवटी’ असे काही नसते, एवढे ध्यानात घेतले तरी पुरे.

आता लेखनाविषयी. उकारान्त तत्सम शब्दाचा अंत्य उकार मराठीत दीर्घ लिहितात, म्हणून शब्द सुटा असताना ‘हनू’. समासाच्या पूर्वपदी तो मुळाप्रमाणे ऱ्हस्व, म्हणून ‘हनुग्रह’, ‘हनुसंधी’. ‘गुरू’ आणि ‘गुरुदक्षिणा’ यांचे लेखन ज्या नियमाने होते, तोच हा नियम. रुग्णासाठी लिहिताना मात्र सरळ ‘जबडा’ लिहावे.