ज्यू लोकांत पुनर्जन्म असतो का?

प्रश्न: ज्यू धर्मातपण पुनर्जन्म मानतात असं ऐकलं, खरंय का?

उत्तर: सगळे नाही मानत. तोरामध्ये, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथात, थेट उल्लेखच नाहीये आणि 10व्या शतकात सादिया गाओन या ज्यू धर्मपंडिताने तर ही कल्पना चक्क वेडगळ ठरवली होती. पण कब्बाला, म्हणजे त्यांची गूढ परंपरा, तिथे याला गिलगुल म्हणतात, म्हणजे फिरणं, आणि 16व्या शतकात गॅलिलीतल्या (आजचं उत्तर इस्रायल) साफेद गावात आयझॅक लुरिया नावाचा कब्बालाचा गुरू होता, त्याच्या शिकवणीत हे फारच वाढलं, तोरातल्या 613 आज्ञांपैकी राहिलेल्या पुऱ्या करायला आत्मा परत येतो, कधी प्राण्यात, दगडातसुद्धा अडकतो वगैरे. लुरिया 1572 मध्ये गेला, स्वतः फार लिहिलंच नाही, लिहिलं शिष्य हाईम व्हिटालने. लोककथांतला दिब्बुक, म्हणजे मेलेल्याचा भटकणारा आत्मा, मात्र वेगळा बरं का, तो जन्म नाही घेत, जिवंत माणसाच्या अंगातच शिरतो.