ॲप्रेमिलास्टचा डोस कमी करून पाहावा का, आणि कसा?

प्रश्न थोडक्यात असा: सोरायसिससाठी तीन महिने ॲप्रेमिलास्ट 30 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ चालू आहे. चट्टे बरेच उतरलेत, पण पोट सारखं बिघडतं. सकाळी सातला गोळी, साडेआठला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोली, आणि नेमकी गाडीतच कळ येते. दिवसाला एकच गोळी घेतली, किंवा गोळी अर्धी केली, तर चालेल का?

डोस कमी करून पाहता येतो, पण तुम्ही म्हणता ते दोन्ही मार्ग मला पटत नाहीत. ही गोळी तोडायची, चावायची किंवा कुटायची नसते, आणि 10 व 20 मिग्रॅच्या वेगळ्या गोळ्या मिळतात. पाहायचंच असेल तर 20 मिग्रॅ दिवसातून दोनदा, तेही त्वचारोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर.

20 च का, ते आकड्यांवरून कळतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 352 रुग्णांना 16 आठवडे वेगवेगळे डोस दिले होते. सोरायसिस 75 टक्के किंवा त्याहून जास्त सुधारलेले रुग्ण असे: औषध नसलेल्या गोळीवर 6 टक्के, 10 मिग्रॅ दोनदा घेणाऱ्यांत 11, 20 दोनदा घेणाऱ्यांत 29 आणि 30 दोनदा घेणाऱ्यांत 41. म्हणजे 10 वर उतरणं हे औषध बंद केल्यासारखंच. 20 वर गुण कमी येतो, पण येतो. हे रुग्ण त्या डोसवर नव्याने सुरू झाले होते. तुमचे चट्टे आधीच उतरलेत, तुम्हाला ते तसेच टिकवायचेत. त्यामुळे हे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लावू नका, अंदाजापुरते धरा.

दिवसाला एकच गोळी नको, कारण हे औषध 6 ते 9 तासांत शरीरात निम्मं होतं. सकाळी घेतलेल्या गोळीतलं दुसऱ्या पहाटेपर्यंत फारसं उरत नाही. सोरायसिसमुळे सांधे धरलेल्या रुग्णांच्या एका चाचणीत रोजचे 40 मिग्रॅ दोन प्रकारे दिले होते. 20 दोनदा घेणाऱ्यांत सुमारे 44 टक्क्यांना ठरलेल्या मोजमापाइतका आराम पडला, 40 एकदम घेणाऱ्यांत 36 टक्क्यांना, औषध नसलेल्या गोळीवर 12 टक्क्यांना. 30 दिवसातून एकदा हा डोसही अधिकृत आहे, पण तो मूत्रपिंड फार कमजोर असलेल्यांसाठी (क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती गाळतं त्याचं मोजमाप, मिनिटाला 30 मिलीच्या खाली). त्यांच्या रक्तात औषध जास्त साठतं, म्हणून त्यांना एक पुरते. तुमची क्रिएटिनिन तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. तिथे अडचण निघाली तर डोसचा हिशोबच बदलतो.

डोसला हात लावण्याआधी मात्र गोळीची वेळ बदलून पाहा. गोळी घेतल्यावर साधारण अडीच तासांनी रक्तातलं औषध सगळ्यात जास्त असतं. सातची गोळी म्हणजे साडेनऊ, म्हणजे तुमच्या प्रवासात ते चढतच असतं. गाडीत शौचालय नाही, ही धास्तीही पोट ढवळायला पुरेशी असते. दोन आठवडे गोळी ऑफिसात नाश्ता झाल्यावर दहाला आणि रात्री जेवून दहाला घ्या. सकाळचा दुसरा चहा, कॉफी आणि तळलेला वडा या काळात टाळा. जुलाब बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत सुरू होतात आणि महिन्याभरात थांबतात. तुमचे तीन महिने टिकलेत, म्हणून दुसरं कारणही शोधा. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधं बऱ्याचदा पोट बिघडवतात. वय 65 च्या वर असेल किंवा लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर जुलाब अंगावर काढू नका, पाणी आणि बीपी दोन्ही झपाट्याने उतरतात.

एवढं करूनही पोट ऐकत नसेल तर 20 वर या आणि चाचणीतल्यासारखे 16 आठवडे पाहा. सुरुवातीला डोस पायऱ्यापायऱ्यांनी चढवतात, उतरताना तसं करावं लागत नाही. 20 ची स्ट्रिप प्रत्येक केमिस्टकडे नसते, म्हणून जुनी संपायच्या चार दिवस आधी सांगून ठेवा.

मग मोजमाप. लोक इथेच चुकतात. स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे अंगाचा सुमारे 1 टक्का. आज चट्टे किती तळहात आहेत ते लिहा. कोपर, गुडघे, पाठ, टाळू यांचे फोटो दर पंधरा दिवसांनी त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली, तेवढ्याच अंतरावरून काढा. लाली, जाडी आणि खवले यांना प्रत्येकी 0 ते 4 गुण द्या. थांबायची रेघही आजच ठरवा. समजा औषधाआधी 8 तळहात होते आणि आता 2 आहेत, म्हणजे 6 ची कमाई. त्यातली निम्मी गेली, चट्टे 5 तळहातांवर आले, की डॉक्टरांना भेटून पुन्हा 30 वर जायचं. रेघ आधी आखली नाही तर माणूस "अजून आठवडाभर बघू" म्हणत राहतो.

या 16 आठवड्यांत मलम, मॉइश्चरायझर, साबण काहीही बदलू नका, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. डोस मार्च-एप्रिलमध्ये उतरवला तर उन्हाने आलेला गुण 20 च्या खात्यात जमा होईल, कारण बऱ्याच जणांचा सोरायसिस उन्हाळ्यात आपोआप निवळतो. घसा दुखून ताप आला, किंवा लिथियम, बीटा-ब्लॉकर, क्लोरोक्वीन यातलं काही सुरू झालं, तर चट्टे त्यानेही उसळतात. तारखेसकट नोंद ठेवा. वजन आठवड्यातून एकदा करा आणि झोप किंवा मन बिघडतंय का याकडे घरच्यांनाही लक्ष ठेवायला सांगा. हे औषध काहींचं वजन उतरवतं आणि काहींना उदासही करतं.

सकाळी बोटं अर्धा तास आखडत असतील, एखादं बोट सुजत असेल किंवा टाच दुखत असेल तर डोस कमी करण्याचा विचार सोडा आणि सांधे आधी दाखवा. कातडी सुधारत असतानाही आत सांधा झिजू शकतो. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर ॲप्रेमिलास्ट रक्तात टिकतच नाही, तेव्हा 30 सुद्धा कमी पडतं.

त्वचारोगतज्ज्ञ परवडत नसतील तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत जा. सोबत तळहातांचा आकडा, फोटो, वजन आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या.