मुरवून गोठवलेलं पोर्क ग्रिलवर पिठूळ आणि कोरडं का होतं?

तुम्ही लिहिलंय की लिंबू, लसूण आणि मीठ लावलेले पोर्कचे तुकडे महिनाभर फ्रीजरमध्ये होते आणि ग्रिल केल्यावर वरून पिठूळ, आतून कोरडे निघाले. माझा संशय लिंबावर आहे.

उणे १८ अंशांना मुरण्याची क्रिया जवळजवळ थांबते. म्हणजे तुमचं मांस महिनाभर मुरलं नाही. ते मुरलं पूर्ण गोठेपर्यंतच्या काही तासांत आणि नंतर बर्फ वितळून हळूहळू सुटताना. एवढा वेळ लिंबाला पुष्कळ होतो. आंबटामुळे वरच्या थरातली प्रथिनं आवळली जाऊन पाणी सोडतात. त्यात गोठताना बर्फाच्या स्फटिकांनी मांसाचे धागे फाटलेले असतातच, त्यामुळे पाणी आणखी गळतं.

म्हणून फ्रीजरमध्ये जाणाऱ्या मसाल्यात मी लिंबू, व्हिनेगर, दही काहीच घालत नाही. एक किलोला १० ते १२ ग्रॅम मीठ, दोन-तीन चमचे तेल, लसूण, मिरी, सुके मसाले, बस्स. यातलं खोलवर जातं ते मीठ, आणि तेच शिजताना पाणी धरून ठेवायला मदत करतं. बाकीचा स्वाद बराचसा वरच राहतो. लिंबू मी ग्रिलवरून उतरल्यावर पिळते. आधीच हवं असेल तर मांस सुटल्यावर अर्धा तास लावा. कच्चा अननस किंवा पपई मात्र अजिबात नको. त्यांतली एन्झाइम्स गोठून मरत नाहीत, मांस सुटू लागलं की पुन्हा कामाला लागतात. माझी खांद्याच्या मांसाची एक अख्खी पिशवी अशीच लगदा झाली होती.

खांद्याचे तुकडे चरबीमुळे चूक सोसतात. पाठीचं मांस आणि चॉप्स कोरडे पडायला वेळ लागत नाही.

पिशवीत तुकडे एका थरात पसरा, हवा काढा, तारीख लिहा. मीठ लावलेल्या मांसाची चरबी फ्रीजरमध्येही लवकर खवट होते, म्हणून दोन-तीन महिन्यांत संपवा. किलोभराची पिशवी सुटायला फ्रिजमध्ये साधारण एक दिवस लागतो. खाली ताट ठेवा, ओट्यावर मात्र सोडू नका. ४ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात.

ग्रिलवर ठेवण्याआधी तुकडे टिपून कोरडे करा, ओले तुकडे भाजण्याऐवजी वाफाळतात. साखर किंवा मध शेवटच्या काही मिनिटांतच लावा, नाहीतर आत शिजण्याआधी बाहेर जळेल. आणि थर्मामीटर घ्याच, तुमचा निम्मा कोरडेपणा तिथेच जाईल. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्ये अख्ख्या तुकड्यांच्या आतल्या तापमानाची किमान मर्यादा ७१ वरून ६३ अंशांवर आणली, मात्र उतरवल्यावर तीन मिनिटं थांबायचं. आत किंचित गुलाबी दिसलं तरी चालतं. खिम्याला ७१ अंशच हवेत. पिशवीतला उरलेला मसाला वरून लावायचा असेल तर आधी खळखळून उकळा.

उरलेलं पुन्हा गोठवता येईल का, हाही प्रश्न होता. फ्रिजमध्येच सुटलेलं असेल तर येतं, धोका नाही, पण पाणी आणखी जातं. म्हणून मी एका वेळेला लागेल एवढ्याच छोट्या पिशव्या भरते.